एमव्ही अगुस्टा एफ४ : विकत घेतलेल्या नावाची पार्श्वभूमी

एफ४ या सुपरबाइकच्या वर्णनात मोटरसायकल शर्यतींतल्या ७५ जागतिक अजिंक्यपदांचा उल्लेख हमखास येतो. ती अजिंक्यपदे खरी आहेत. मात्र ज्या कारखान्याने ती मिळवली तो वेगळा आणि ज्या कारखान्यातून एफ४ बाहेर पडली तो वेगळा. दोघांमधले नाते एका खरेदीखताचे आहे.

मूळ अगुस्टा हे विमाने बांधणारे इटालियन घराणे. आपल्याकडे हे नाव बहुतेकांनी ऐकले ते २०१० मध्ये करार होऊन २०१४ मध्ये रद्द झालेल्या हेलिकॉप्टर खरेदीच्या प्रकरणात, आणि त्या नावाचे मूळही याच घराण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विमाननिर्मितीवर बंदी आली, तेव्हा हाताशी असलेल्या कामगारांना काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये वारेसे प्रांतातील व्हेर्गेरा या खेड्याच्या नावाने मोटरसायकलींची कंपनी उभी राहिली (मेकानिका व्हेर्गेरा, म्हणजेच एमव्ही). पुढचा इतिहास शर्यतींचा शौक असणाऱ्यांना पाठ असतो. १९५८ ते १९७४ अशी सलग १७ वर्षे ५०० सीसी या शर्यतींतल्या सर्वोच्च गटाचे अजिंक्यपद याच कंपनीच्या गाडीवर बसलेल्या स्वाराला मिळाले. सामान्य ग्राहकाच्या बाबतीत मात्र घराण्याचा हात आखडता होता. साठच्या दशकात रस्त्यासाठी काढलेल्या चार सिलिंडरच्या गाडीला मागचे चाक फिरवायला साखळीऐवजी जड शाफ्ट (फिरता दांडा) दिला गेला. कोणी ती खासगीत शर्यतीला उतरवून कारखान्याच्याच संघाशी स्पर्धा करू नये, हा त्यामागचा हेतू होता असे मानले जाते. १९७१ मध्ये कंपनीच्या कर्त्या पुरुषाचे निधन झाले, १९७६ मध्ये शर्यती थांबल्या आणि १९८० च्या सुमारास मोटरसायकलींचे उत्पादनही संपले. हेलिकॉप्टरचा धंदा तोवर केव्हाच मोठा झाला होता.

एफ४ची खरी कुळकथा सुरू होते ती त्याच प्रांतात, वारेसे तलावाकाठच्या स्किराना येथे. तिथला कारखाना मुळात सागरी विमानांचा. नंतर तो हार्ले-डेव्हिडसनकडे गेला आणि १९७८ मध्ये दोन स्थानिक भावांनी तो विकत घेऊन काजिवा हे नाव रूढ केले. काजिवाने १९८५ मध्ये डुकाटी घेतली, ५०० सीसी गटात पदरचा पैसा घालून स्वतःचा संघ उतरवला आणि १९९२ ते १९९४ या काळात तीन शर्यती जिंकल्या. एमव्ही अगुस्टाचे नाव तिने नव्वदच्या दशकाच्या आरंभी विकत घेतले, तेव्हा त्या नावाने एकही गाडी तयार होत नव्हती.

नव्या गाडीला हे विकत घेतलेले नाव द्यावे का, हा वादाचा मुद्दा इथेच आहे. चार सिलिंडरच्या नव्या गाडीवर काम चालू होते ते काजिवाची गाडी म्हणून. १९९७ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ती एफ४ म्हणून लोकांसमोर आली तेव्हा टाकीवर एमव्ही अगुस्टाचे चिन्ह होते. या निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, प्रांत तोच, शर्यतीचे वेड तेच, आणि काजिवा या नावावर एवढी महाग गाडी कोणी घेतली नसती. व्यापाराच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. परंतु त्यामुळे काजिवाने स्वतःच्या हिमतीवर मिळवलेले तीन विजय अडगळीत गेले आणि ज्या यशात तिचा काडीचाही वाटा नव्हता ते तिच्या खात्यावर जमा झाले. विरोधकांचा हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो.

गाडीकडे पाहिले तरी हेच दिसते. तिचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यानेच आधी डुकाटीची ९१६ घडवली होती, आणि एकाच बाजूने चाक धरणारा मागचा स्विंगआर्म व सीटखालून निघणारे सायलेन्सर हे दोन्ही त्या गाडीतून इथे आले. नवे होते ते इंजिन : सिलिंडरच्या डोक्यातल्या झडपा एकमेकींना समांतर न ठेवता किंचित फाकवून बसवलेल्या, त्यामुळे त्या उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे (फिरत्या दांड्याचे) उंचवटेही घासून तिरके घडवावे लागत. सीटखाली चार नळ्या बासरीच्या जुडग्यासारख्या ओळीने दिसतात. १९९९ मध्ये ‘सेरिए ओरो’ या मर्यादित आवृत्तीच्या फक्त ३०० गाड्या निघाल्या. त्यांचे मॅग्नेशियमचे भाग सोनेरी रंगाचे होते. हजार सीसीची एफ४ २००४ पासूनची.

त्यापुढचा इतिहास मालक बदलण्याचा आहे. २००४ मध्ये एका मलेशियन मोटार कंपनीने सात कोटी युरो मोजून निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला आणि वर्षभरात तो एका युरोला, कर्जासकट, देऊन टाकला. २००८ मध्ये हार्लेने कंपनी घेतली, म्हणजे तीस वर्षांपूर्वी विकलेला कारखाना पुन्हा पदरात घेतला, आणि २०१० मध्ये नाममात्र किमतीत जुन्याच मालकाला परत केला. मग २५ टक्के हिस्सा एका जर्मन मोटार कंपनीकडे गेला, त्यानंतर एक रशियन कुटुंब आले. २०१६ मध्ये पुण्याच्या एका उद्योगसमूहाने या गाड्या भारतात विक्रीला आणल्या, त्यात एफ४ही होती. २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीच्या समूहाने बहुमताचा हिस्सा घेतला खरा, पण वर्षअखेरीस केटीएमच दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. तिला सावरण्यासाठी आकुर्डीच्या बजाज ऑटोने पैसा उभा केला, तोवर एमव्ही त्याच रशियन कुटुंबाकडे परतली होती. थोडक्यात हुकले, नाहीतर अगुस्टाचे नावही पुण्याच्या पंखाखाली आले असते.

एफ४चे उत्पादन त्याआधीच थांबले होते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या शेवटच्या आवृत्तीच्या १०० गाड्यांना ‘क्लाउदियो’ हे नाव दिले गेले. ते अगुस्टा घराण्यातल्या कोणाचे नाही, तर काजिवाच्या दिवंगत मालकाचे आहे.