छोट्या चित्रपटातले गाणे: दोन परवानग्या आल्या कुठून?

चित्रपटात एखाद्या बँडचे गाणे वापरायचे, तर दोन परवानग्या लागतात. शब्द आणि चाल यांच्यासाठी सिंक लायसन्स, आणि जे ध्वनिमुद्रण वापरायचे त्यासाठी मास्टर लायसन्स. हा दुहेरीपणा कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही. तो टप्प्याटप्प्याने साचत गेला आणि त्याचा सर्वाधिक भार कमी पैशांत चित्रपट करणाऱ्यांवर पडतो.

रचनेचा हक्क जुना आहे. 1886च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, संगीत वाजवणाऱ्या यंत्रपेट्यांना सूट होती. त्याच कराराच्या 1908च्या बर्लिन दुरुस्तीने यांत्रिक पुनर्निर्मितीवर संगीतकाराचा अधिकार मान्य केला. मूकपटांच्या काळात वादक थिएटरातच बसत, त्यामुळे शुल्काचा प्रश्न थिएटरमालकाचा होता. बोलपट आल्यावर संगीत चित्रासोबत कायमचे जोडले गेले आणि या जोडणीची परवानगी निर्मात्यालाच घ्यावी लागू लागली. ध्वनिमुद्रणाला संरक्षण मिळायला मात्र बराच उशीर झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर रोम करार झाला 1961मध्ये. अमेरिकेच्या संघीय कायद्याने तर 15 फेब्रुवारी 1972पासूनच्या मुद्रणांनाच कॉपीराइट दिला.

नेमक्या याच सुमारास तरुण दिग्दर्शक खास पार्श्वसंगीत करून घेण्याऐवजी तयार रेकॉर्ड्स वापरू लागले. 1973च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’साठी गाण्यांच्या हक्कधारकांपुढे एकसारखा दर ठेवला गेला. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांचा सौदा जमला नाही, म्हणून त्या चित्रपटात तो ऐकूच येत नाही. सर्वांना समान दर ही अट आजही करारांत असते. तिच्यामुळे रक्कम खाली ठेवता येते. पण एकाला वाढवून दिले की बाकीच्यांनाही द्यावे लागते.

दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ आठवला की आजही हळहळ वाटते. 10,000 डॉलरहून कमी खर्चात केलेला हा विद्यार्थिदशेतला चित्रपट 1970च्या दशकातच पूर्ण झाला. संगीताचे हक्क घेतलेले नसल्याने तो चित्रपटगृहांत रीतसर लागू शकला नाही. ते हक्क मिळवायला सुमारे 1,50,000 डॉलर लागले आणि प्रदर्शन झाले 2007मध्ये. तेव्हाही शेवटच्या दृश्यातले एक गाणे बदलावे लागले.

नीना पेली यांच्या ‘सीता सिंग्ज द ब्लूज’मध्ये (2008) 1920च्या दशकातली मुद्रणे आहेत. तिथे अडचण मुद्रणांपेक्षा मूळ रचनांच्या हक्कांची होती. सुरुवातीची मागणी सुमारे 2,20,000 डॉलरची, तडजोड 50,000च्या आसपास.

म्हणूनच स्वतःची गाणी स्वतः रचणारे आणि स्वतःच मुद्रित करणारे बँड छोट्या निर्मात्यांना जवळचे वाटतात. दोन्ही हक्क एकाच घरात असतात. आधी फक्त महोत्सवांपुरती स्वस्त परवानगी, पुढे वितरण झाले तर ठरलेली वाढीव रक्कम, अशी पद्धतही रुळली आहे. ही वाढीव रक्कम सुरुवातीलाच लिहून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. चित्रपट विकला गेल्यावर वाटाघाटीत निर्मात्याची बाजू लंगडी पडते.

2002मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे ठरावीक अटींवर आपली कृती वापरायला निर्मात्याने आधीच सर्वांना दिलेली मोफत परवानगी, आले आणि फुकट संगीताची वाट खुली झाली. पण ‘रूपांतर नको’ अशी अट असलेले गाणे त्या परवान्यावर चित्रपटात चालत नाही, कारण चित्राशी जुळवणे हे त्यात रूपांतरच मानले आहे. शिवाय बँड ओळखीचा असला, तरी सोडून गेलेला सहगीतकार किंवा पूर्वीची रेकॉर्ड कंपनी हक्कात वाटेकरी असू शकते. संकलनाच्या टेबलावर गाणे चढवण्याआधी ही चौकशी व्हायला हवी.