डिझेलमधली हवा आणि पंपाची ओढ

अमेरिकेतील डिझेल पिकअप ट्रकांचे मालक मूळ इंधनपंपाऐवजी किंवा त्याच्या जोडीला बाहेरून विकत घेतलेला पंपाचा संच हौसेने बसवतात, आणि 'फास' कंपनीचा संच चांगला की 'एअरडॉग'चा हा वाद त्यांच्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे. दोन्ही संचांची मांडणी साधारण सारखीच असते. टाकीतून डिझेल ओढणारा विजेवरचा पंप, पंपाच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर, पंपानंतर बारीक फिल्टर आणि अडवलेली हवा टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन, असे हे प्रकरण आहे. डिझेलमध्ये दहा टक्के हवा असते आणि ती काढली की ताकद व मायलेज वाढते, असा या संचांच्या प्रचाराचा एकंदर सूर असतो. त्यातला पहिला अर्धा भाग जवळपास खरा आहे, पण दुसरा त्यातून आपोआप निघत नाही. मधे नेमके काय घडते हे समजल्याशिवाय दोन पंपांची तुलना करण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

द्रवात वायू दोन प्रकारे असतो. एक विरघळलेला, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्यामुळे द्रवाचे आकारमान जवळपास वाढतही नाही. दुसरा बुडबुड्यांच्या रूपातला. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या पटीत बदलते. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात सुमारे २० मिलिलिटर हवा मावते, तर एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १०० मिलिलिटर. जाहिरातींतले दहा टक्के ते हेच. मात्र ही हवा जोपर्यंत विरघळलेली आहे तोपर्यंत पंपाला तिचा काहीही त्रास नसतो. त्रास सुरू होतो तो दाब कमी झाल्यावर.

हे पाहण्यासाठी सुई नसलेली एक मोठी सिरिंज पुरते. तिच्यात अर्ध्यापर्यंत डिझेल भरावे, आतली मोकळी हवा पूर्ण बाहेर काढावी, हातमोजा घातलेल्या बोटाने तोंड घट्ट दाबून धरावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. क्षणापूर्वी स्वच्छ, पिवळसर दिसणाऱ्या डिझेलमध्ये रबराच्या कडेला आणि नळीच्या भिंतीवर बारीक बुडबुडे धरू लागतात, मोठे होतात आणि सुटून वर जातात. दट्ट्या सोडला की ते आक्रसतात, पण सगळे लगेच नाहीसे होत नाहीत, कारण बाहेर पडलेली हवा पुन्हा विरघळायला वेळ घेते. बाहेरून हवेचा एक कणही आत आलेला नसताना केवळ ओढीमुळे बुडबुडे झाले, ही या प्रयोगातली मोलाची गोष्ट आहे.

आता ट्रकचा विचार करू. टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे आणि वर. इंजिनाजवळचा पंप डिझेल ओढतो तेव्हा मधल्या नळीतला दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो. तो १ बारवरून ०.७ बारवर उतरला आणि हवेला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळाला, तर त्या दाबाला मोजलेले सुटलेल्या हवेचे आकारमान डिझेलच्या सुमारे चार टक्के भरते. प्रत्यक्षात वेळ कमी मिळत असल्याने आकडा लहान राहतो, पण पंपाच्या पोकळीत जेवढी जागा बुडबुड्यांनी व्यापली तेवढे डिझेल कमी भरले जाते आणि ज्या धातूच्या भागांना डिझेलच वंगण पुरवते तिथला पातळ थर तुटतो. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉज रॅम ट्रकांतील २४ व्हॉल्व्हच्या कमिन्स इंजिनावर व्हीपी४४ हा इंजेक्शन पंप, म्हणजे इंजेक्टरांकडे मोठ्या दाबाने डिझेल पाठवणारा पंप होता. त्याचे वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलवरच अवलंबून असल्याने, त्याला टाकीतून डिझेल आणून देणारा मागचा लिफ्ट पंप दुबळा झाला की हा महागडा पंप बळी पडत असे. २००१ पासून २०१६ पर्यंतच्या ड्युरामॅक्स इंजिनांच्या पिकअप ट्रकांत तर कारखान्यातून लिफ्ट पंप दिलेलाच नव्हता. संपूर्ण लाइन ओढीवर चालत असे.

हवा वेगळी करण्याची यंत्रणा इथे कामाला येते, आणि ती मला मनापासून आवडते, कारण तिच्यात हलणारा भाग जवळपास नाही. बुडबुडा डिझेलमध्ये किती वेगाने वर चढतो हे स्टोक्स यांच्या नियमाने काढता येते. हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कोमट डिझेलमध्ये ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम २ मिलिमीटर चढतो, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याचा बुडबुडा त्याच्या शंभराव्या हिश्श्याने. अर्ध्या इंची नळीतून ताशी १५० गॅलन, म्हणजे सुमारे ५७० लिटर डिझेल वाहते तेव्हा प्रवाहाचा वेग सेकंदाला सव्वा मीटर असतो. त्या लोंढ्यात बुडबुडा वर चढून वेगळा होण्याची शक्यताच नाही. हेच डिझेल फिल्टरच्या रुंद डब्यात आले की त्याचा वेग कित्येक पटींनी उतरतो आणि मोठ्या बुडबुड्यांना वर जमायला सवड मिळते.

बारीक बुडबुड्यांना मात्र पृष्ठताण अडवतो. डिझेलने भिजलेल्या फिल्टरच्या प्रत्येक छिद्रात द्रवाचा एक पडदा ताणलेला असतो. डिझेल त्यातून सहज जाते, पण छिद्राहून मोठ्या बुडबुड्याला आरपार जायचे तर तो पडदा वाकवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा दाब पृष्ठताणाच्या चौपटीला छिद्राच्या व्यासाने भागून मिळतो. दहा मायक्रॉनच्या छिद्राला हा दाब साधारण ०.१ बार येतो, तर दोन मायक्रॉनच्या छिद्राला त्याच्या पाचपट. म्हणून बुडबुडे फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला साचतात आणि जादा डिझेलबरोबर रिटर्न लाइनने टाकीत जातात. फिल्टर चोंदला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक वाढतो आणि हाच पडदा हार मानतो, हेही याच सूत्रातून कळते.

विरघळलेली हवा मात्र या फिल्टरमधून डिझेलबरोबर निवांत निघून जाते, कारण तिला अडवायला बुडबुडाच नसतो. तिचा बंदोबस्त पंपाचा दाब करतो. पंपाने डिझेलचा दाब वातावरणापेक्षा १० पीएसआयने (सुमारे ०.७ बारने) वाढवला की हेन्रींच्या नियमानुसार त्याची हवा सामावण्याची क्षमता दहा टक्क्यांवरून सुमारे सतरावर जाते आणि आत असलेल्या हवेला बाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. या संचांचा मोठा फायदा वेगळे करण्यात नसून ओढीच्या जागी दाब आणण्यात आहे, असे मी म्हणतो ते यामुळे. डचमळीने टाकीत मिसळलेली किंवा सैल क्लॅम्पमधून ओढली गेलेली हवा ही यंत्रणा खरोखर अडवते, परंतु गळती असेल तर आधी गळतीच काढली पाहिजे.

मायलेजच्या दाव्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. त्यातली १०० मिलिलिटर हवा काढल्याने ज्वलन सुधारते असे म्हणणे हिशेबात बसत नाही. इंजेक्टरमधून बुडबुडे फवारले जातात, हेही कॉमन रेल इंजिनाबाबत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते तिथे, पटणारे नाही, कारण १६०० बार दाबाखाली बुडबुडा बुडबुडा म्हणून शिल्लक राहत नाही. डिझेलच्या नळीवर चुंबक बांधून रेणू एका रांगेत आणण्याचा दावा तर निव्वळ अंधश्रद्धा आहे, मग तो कितीही शास्त्रीय शब्दांत केलेला असो.

तुलना करायचीच तर ताशी गॅलनच्या आकड्यापाशी थांबू नये. तीनशे अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी सुमारे पंधरा गॅलन डिझेल जाळते. शंभर किंवा दीडशे गॅलनच्या पंपाचे उरलेले डिझेल टाकीत परत जाते. हा जादा प्रवाह बुडबुड्यांना वाहून नेतो खरा, पण तो टाकीतून ओढावाही लागतो. अर्ध्या इंचाऐवजी तीन अष्टमांश इंची जुनीच नळी ठेवली, तर तेवढ्याच प्रवाहाला नळीतली दाबाची घट जवळजवळ चौपट होते. म्हणजे मोठा पंप बारीक नळीला लावला की जे बुडबुडे काढण्यासाठी तो घेतला तेच तो अधिक तयार करतो. त्यामुळे संचाबरोबर टाकीतली नळी कोणत्या मापाची येते, पंप टाकीच्या जवळ आणि खालच्या पातळीवर बसतो का, आणि पंपाआधीचा फिल्टर बदलायला किती सोपा आहे, हे प्रश्न नावापेक्षा महत्त्वाचे ठरतात. बसवून झाल्यावर इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी दाबमापक लावावा आणि चढावर, भरल्या ट्रकने, पूर्ण ॲक्सिलरेटरवर त्याचा काटा पाहावा. भार नसलेल्या इंजिनावर उभ्या गाडीत दिसणारा आकडा या कामाला उपयोगाचा नाही.