पुन्हा प्रयत्न करताना बदललेलं दान

चॅटवर खेळ रंगात आला आहे. कुणीतरी ‘२डी६’ लिहितं, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाक. बॉट, म्हणजे चॅटमध्ये आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, लगेच आकडे सांगतो. सलग तीनदा बारीक दान पडलं की ओरड सुरू होते: बॉट लबाड आहे! पण दोन फाशांची बेरीज ४ किंवा कमी येण्याची शक्यता ६त १, आणि तसं सलग तीनदा होण्याची २१६त १. खूप वेळ खेळणाऱ्यांना हे कधी ना कधी दिसलं तर नवल नाही. फाशाला मागचं दान आठवत नाही. ‘आता सहा पडणारच’ किंवा ‘अमक्याच्या हाताला यश आहे’ ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, आणि ती मोडायलाच हवी.

खोट शोधायचीच असेल तर माझ्या मते दुसरीकडे शोधावी: काही बिघडलं की बॉट काय करतो?

बॉटला आज्ञा म्हणजे नुसता मजकूर. तो एकेक अक्षर वाचत जातो: आधी अंक, मग ‘डी’, मग पुन्हा अंक. ‘२डी’ अर्धवट आहे. ‘२डी०’ची मांडणी बरोबर, पण शून्य बाजूंचा फासा असत नाही. ‘९९९९९९९९९डी६’ला अर्थही आहे, मात्र एवढे फासे टाकत बसला तर बॉट बाकीच्यांना ताटकळत ठेवेल. या तिन्हींना वेगवेगळं उत्तर हवं. सगळ्यांना ‘चूक झाली’ एवढंच सांगणं म्हणजे विचारणाऱ्याला वाऱ्यावर सोडणं. आपला देवनागरी ‘२’ पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा संख्या म्हणून निमूट स्वीकारते, तर जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचा अंक ओळखण्याचा नेहमीचा नमुना फक्त इंग्रजी अंकच मानतो.

या चुका फासे टाकण्याआधीच पकडता येतात, त्यामुळे त्यांनी दान बदलत नाही. खरी गंमत नंतरच्या चुकांमध्ये आहे.

डिस्कॉर्ड या चॅटच्या ॲपवर बॉटच्या एका संदेशात २००० अक्षरं मावतात. ७०० फाशांचे आकडे स्वल्पविराम आणि मोकळी जागा धरून जवळपास २१०० अक्षरं होतात, म्हणून संदेश नाकारला जातो. फासे पडले, पण कुणी पाहिले नाहीत. अशा वेळी प्रोग्रामरला सहज सुचतं: अडलं ना, मग अख्खी आज्ञा पुन्हा चालवू.

आता ‘फुटणारा’ फासा घ्या. सहा पडला की पुन्हा टाकायचा आणि बेरीज करत जायची. अशा एका फाशाची सरासरी ४.२ येते. समजा, बॉटच्या उत्तरात दोनच आकडे मावतात. तिसरा आला की चूक, आणि सगळं पहिल्यापासून. तिसरा आकडा केव्हा लागतो? पहिले दोन्ही सहा असतील तेव्हाच, म्हणजे ३६त १ वेळा. नेमकी ही सगळ्यात मोठी दानं केराच्या टोपलीत जातात आणि सरासरी ३.८६वर घसरते. आकडे काढणारं सूत्र निर्दोष, प्रत्येक फासा चोख, तरी निकाल एका बाजूला कललेला!

फेकून देणं नेहमी वाईट नसतं. फासा टाकण्यासाठी संगणकाने ० ते २५५ मधली कुठलीही एक संख्या काढून ती ६ने भागली आणि बाकीवरून बाजू ठरवली, तर चार बाजूंच्या वाट्याला ४३ संख्या येतात आणि दोन बाजूंच्या वाट्याला ४२. २५२पासून पुढच्या चार संख्या आल्या तर त्या टाकून नवी घ्यायची, की सगळ्यांना ४२ मिळतात. इथे टाकलेल्या संख्येला अजून कुठलीही बाजू दिलेली नसते. फुटणाऱ्या फाशात मात्र दान पडून गेल्यावर, ते मोठं आहे म्हणूनच टाकलं जातं.

उपाय साधा आहे. दान पडलं की उत्तर पाठवण्याआधी ते त्या आज्ञेच्या संदेश-क्रमांकासोबत नोंदवून ठेवायचं. पाठवणं फसलं तर पुन्हा पाठवायचं, पुन्हा टाकायचं नाही. यादी मावत नसेल तर नुसती बेरीज कळवायची. नेटवर्कच्या गोंधळात तीच आज्ञा दोनदा पोहोचली, तरी बॉट आधी नोंद पाहतो, तो क्रमांक त्याला सापडतो आणि तेच दान तो पुन्हा सांगतो.