रिटा कोणती, चिटा कोणती?

‘वेस्ट साइड स्टोरी’ हे न्यूयॉर्कमधल्या टोळ्यांच्या वैरावरचं अमेरिकन संगीत नाटक, आणि पुढे त्यावरचा सिनेमा. त्यातली पोर्तो रिकोची अनिता म्हटलं की दोन नावं एकदम ओठांवर येतात आणि तिथेच गल्लत सुरू होते: रिटा मोरेनो आणि चिटा रिव्हेरा. नावांचं यमक जुळतं. दोघींचं मूळ पोर्तो रिकोचं, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचं, दोघी नाचात तयार, वयात अंतर जेमतेम वर्षभराचं. जन्माच्या नावातसुद्धा ‘डोलोरेस’ दोघींच्या आहेच. एक रोसा डोलोरेस अल्वेरिओ, तर दुसरी डोलोरेस कॉन्चिता फिगेरोआ देल रिव्हेरो. त्यात भूमिका एकच.

आधी सरळ उत्तर. नाटकातली पहिली अनिता चिटा, साल १९५७. सिनेमातली अनिता रिटा, साल १९६१. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो. पण या दोन सालांच्या आगेमागे दोन अगदी वेगळी आयुष्यं आहेत, आणि ती एकमेकींत मिसळली की दोघींवरही अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

रिटाचा जन्म ११ डिसेंबर १९३१ चा, पोर्तो रिकोतल्या उमाकाओ गावचा. पाच वर्षांची असताना ती आईबरोबर न्यूयॉर्कला आली. धाकटा भाऊ मागेच राहिला. आई शिवणकाम करून घर चालवायची. चिटाचा जन्म मात्र २३ जानेवारी १९३३ चा, थेट वॉशिंग्टनमधला. वडील पोर्तो रिकोचे, अमेरिकी नौदलाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. ती सात वर्षांची असताना ते गेले. घरात उड्या मारता मारता पोरीने टेबल मोडलं, तेव्हा आईने तिला बॅलेच्या वर्गात घातलं. तिथून ती प्रसिद्ध नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीनच्या बॅले स्कूलमध्ये शिष्यवृत्तीवर पोचली. म्हणजे एक समुद्र ओलांडून आलेली, दुसरी अमेरिकेच्या राजधानीतच जन्मलेली. (रिटालाही ‘परदेशातून आलेली’ म्हणणं कायद्याने चूकच. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे.)

रिटा फार लवकर कॅमेऱ्यासमोर गेली. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने तिला करारात बांधलं, पण कामं मिळाली ती ‘परक्या’ मुलींची. ‘द किंग अँड आय’ या १९५६ च्या सिनेमात तर ती ब्रह्मदेशातली टपटिम झाली. त्या सिनेमातले नाच नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सने बसवले होते, आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही मुळात त्याचीच कल्पना.

२६ सप्टेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये नाटकाचा पडदा उघडला, तेव्हा अनिता होती चिटा. अनिताची ठसक, तिचं चालणं, फटकन उत्तर देणं, हे सगळं तालमीत रॉबिन्सच्या हाताखाली चिटाच्या अंगावर बेतलं गेलं. पुढे लंडनचा प्रयोगही तिच्या बाळंतपणासाठी पुढे ढकलला गेला. सिनेमा करायची वेळ आली तेव्हा मात्र अनिता रिटाकडे गेली.

त्यासाठी रिटाला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिलाही ती भूमिका फुकट मिळाली नाही. पोर्तो रिकोच्या सगळ्या पात्रांना एकाच गडद तपकिरी रंगाचा मेकअप फासला जायचा. आमच्यात सगळ्या रंगांची माणसं असतात, असं रिटा म्हणाली तेव्हा मेकअपवाल्याने तिलाच ‘तू वर्णद्वेषी आहेस का?’ असं विचारलं. हा प्रसंग तिने स्वतःच सांगितला आहे.

‘अमेरिका’ हे गाणं दोन्हीकडे ऐकून पाहा. नाटकात भांडण मुलींमुलींतलं आहे. रोसालिया गावाच्या आठवणी काढते, अनिता तिची खिल्ली उडवते. सिनेमात तेच भांडण गच्चीवर मुली विरुद्ध मुलगे असं झालं आणि त्याला जास्त धार आली. पोर्तो रिकोला रोगांचं बेट म्हणणारी ओळही सिनेमात बदलली गेली. आणखी एक बारकावा: ‘अ बॉय लाइक दॅट’ या गाण्यात पडद्यावर रिटा दिसते, पण आवाज बेटी वँडचा आहे. नाटकाच्या मूळ ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते ती मात्र चिटाच.

९ एप्रिल १९६२ ला रिटाला सर्वोत्तम सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ती फिलिपाइन्समध्ये चित्रीकरण करत होती, तिथून विमानाने आली. मनिलात शिवून घेतलेला तो झगा जपानी ओबीच्या, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्याच्या, कापडाचा होता. २०१८ च्या ऑस्कर सोहळ्याला ती शहाऐंशी वर्षांची होती, आणि गळा थोडा बदलून तोच झगा घालून आली. दोन सोहळ्यांचे फोटो शेजारी ठेवून बघितले की मला दर वेळी भरून येतं, कारण मधल्या काळात काय घडलं ते ठाऊक असतं. ऑस्करनंतर तिच्याकडे आल्या त्या पुन्हा अनितासारख्याच, टोळ्यांच्या गोष्टींतल्या भूमिका. तिने त्या नाकारल्या आणि सिनेमापासून बरीच वर्षं जवळजवळ लांबच राहिली. तिला सावरलं ते टीव्हीने आणि रंगमंचाने. लहान मुलांचा ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ हा कार्यक्रम आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेसाठी संगीतातलं ग्रॅमी, १९७५ ला रंगभूमीचं टोनी, १९७७ ला ‘द मपेट शो’साठी टीव्हीचं एमी. ऑस्कर धरून हे चारही मोठे पुरस्कार मिळवणारी ती तिसरी व्यक्ती ठरली. टीव्ही मालिका पाहणाऱ्यांना तुरुंगावरच्या ‘ओझ’मधली सिस्टर पीटर मेरी आठवेल, किंवा ‘वन डे अॅट अ टाइम’मधली लिडिया आजी.

चिटाची वाट रंगमंचाचीच राहिली. ‘बाय बाय बर्डी’ या संगीत नाटकातली तिची रोझी सिनेमात जॅनेट लीकडे गेली. १९७५ च्या ‘शिकागो’ या नाटकातली तिची वेल्मा सिनेमात कॅथरिन झीटा-जोन्सकडे गेली, आणि चिटा त्यात क्षणभर दिसते. आता हिशेब बघा. अनितासाठी रिटाला ऑस्कर, वेल्मासाठी झीटा-जोन्सला ऑस्कर, आणि २०२२ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या नव्या सिनेमातल्या अनितासाठीच अॅरियाना डिबोसला ऑस्कर. चिटाने पहिल्यांदा उभ्या केलेल्या दोन भूमिकांनी तीन जणींना ऑस्कर दिलं. तिला स्वतःला कधी साधं नामांकनही नाही.

१९८६ मध्ये मॅनहॅटनमध्ये गाडीच्या अपघातात तिचा डावा पाय बारा ठिकाणी मोडला. जन्मभर पायांवर उभी राहिलेल्या नर्तकीचा पाय. ती परत नाचायला लागली. सात वर्षांनी ‘किस ऑफ द स्पायडर वुमन’साठी तिला दुसरं टोनी मिळालं, वयाच्या साठीत. पहिलं १९८४ ला ‘द रिंक’साठी मिळालेलं होतं. ३० जानेवारी २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये ती गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन.

म्हणून पुढच्या वेळी कोणी अनिताची क्लिप पाठवली तर एवढंच बघा. झगा गिरकी घेतोय, मागे गच्ची आणि न्यूयॉर्कचं आभाळ दिसतंय, तर ती रिटा. चित्र काहीच नाही, नुसता खर्जातला, तिखट, दमदार आवाज येतोय आणि तो १९५७ सालचा आहे, तर डोळे मिटून ऐका. ती चिटा.