महाविद्यालयीन ग्रंथालयात पुस्तक-नियतकालिक मागणीचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि सोबतची आकडेवारी

जून उजाडला की पावसाबरोबर ग्रंथपालाच्या टेबलावर मागणीपत्रंही येऊन पडतात. बहुतेकांवर एकच ओळ असते, 'विभागास सोबतच्या यादीतील ४० पुस्तके तातडीने हवी आहेत', आणि खाली सही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाचं ग्रंथालय मी सांभाळतो. असे अर्ज समितीत मागे पडताना दरवर्षी पाहतो. पुस्तकं चांगलीच असतात, पण ती का हवीत याचा कागद सोबत नसतो. म्हणून इथे फॉर्मपेक्षा आकड्यांवर जास्त लिहितोय. फॉर्म काय, दहा मिनिटांत भरून होतो.

अर्ज कोण करू शकतं?

शिक्षकांनी विभागप्रमुखांच्या सहीने. विद्यार्थ्यांनाही मागणी करता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ग्रंथालयात कोहा (ग्रंथालयाचं संगणक सॉफ्टवेअर) असेल आणि ती सोय चालू ठेवली असेल, तर ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीवर, लॉगिन करून खरेदीची सूचना नोंदवता येते. नसेल तर काउंटरवरच्या वहीत लिहा. नमुने प्रत्येक महाविद्यालयाचे वेगळे, पण कागदाचा प्रवास साधारण सारखाच: विभाग, ग्रंथपाल, ग्रंथालय समिती, प्राचार्य, आणि मग खरेदीचा आदेश.

काय काय जोडायचं?

मागणीपत्रात शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाच्या त्या आवृत्तीचा ओळख-क्रमांक), किंमत आणि प्रतींची संख्या हवी. आयएसबीएन सगळ्यात जास्त वेळा राहतो, आणि मग जुनी आवृत्ती घरी येते. सोबत अभ्यासक्रमातलं ते पान, त्या पेपरला बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, विक्रेत्याचं दरपत्रक (रक्कम मोठी असेल तर संस्थेच्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं) आणि ओपॅकवर शोधून पाहिल्याची प्रिंट. शेवटची प्रिंट किरकोळ वाटते, पण 'हे आपल्याकडे आधीच आहे हो' हा समितीतला सगळ्यात लाजिरवाणा क्षण तीच टाळते.

यानंतर वापराची आकडेवारी. ती ग्रंथालयाकडे लेखी मागा. नुसतं तोंडी विचारलंत तर तोंडीच उत्तर मिळेल.

कोणती आकडेवारी मागायची?

लोक पहिल्यांदा देवघेव मागतात: अमुक पुस्तक वर्षात किती वेळा गेलं. तो आकडा हवाच, पण खरेदीसाठी त्याहून बोलका आकडा राखीव मागण्यांचा. कोहात 'होल्ड रेशो' नावाचा अहवाल आहे. एका प्रतीमागे किती वाचक रांगेत आहेत, ते त्यात दिसतं. दोन प्रती आणि नऊजण रांगेत, हे वाक्य अर्जात असलं की समितीला फारसं पटवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, जी हमखास सुटते: वाचन कक्षात बसून वाचलेली पुस्तकं. आमच्याकडे निम्मी मुलं एसटीने येतात. पुस्तक घरी न नेता दोन तासिकांच्या मधल्या वेळात टेबलावर वाचतात आणि बस गाठतात. देवघेवीत याची नोंदच नसते. कोहात तशी सेटिंग चालू केली, तर टेबलावरचं पुस्तक परत घेताना स्कॅन केलं की 'स्थानिक वापर' म्हणून नोंदतं. ही सेटिंग बंद असलेल्या ग्रंथालयाचा देवघेव-तक्ता अर्धाच खरा समजा.

ई-नियतकालिकांसाठी प्रकाशकाकडून काउंटर (COUNTER) नमुन्यातला अहवाल घ्या; ऑनलाइन वापर मोजण्याचं हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. या मानकाची ५.१ आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यातल्या टीआर जे-१ या तक्त्यामध्ये किती लेख उघडले गेले ते कळतं. टीआर जे-२ मध्ये किती वेळा वाचक दारात येऊन परत गेला, म्हणजे वर्गणी नसल्यामुळे लेख नाकारला गेला, ते कळतं. नवीन वर्गणी मागताना जे-२ जोडा, चालू वर्गणी टिकवायची तर जे-१. हिशेब साधा आहे: वर्गणी १२,००० रुपये आणि लेख उघडले ६०, तर एका वापराचा खर्च २०० रुपये.

आकडे कुठे फसवतात?

गणपतीच्या आठवड्यात देवघेव जवळजवळ शून्य. शिमग्यातही तेच. म्हणून एका महिन्याची तुलना दुसऱ्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच सत्राशी करावी, आणि तीही तिथीचा फरक ध्यानात ठेवून, कारण गणपती कधी ऑगस्टअखेर येतात तर कधी सप्टेंबरात. पाच वर्षांची सरासरी काढणाऱ्यांनी २०२० आणि २०२१ ही वर्षं त्यात आहेत का ते आधी पाहावं. टाळेबंदी तर होतीच. त्यात ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. त्या वर्षी पुस्तक फिरलं नाही याचा अर्थ ते नको होतं असा होत नाही.

अभ्यासक्रम बदलला की जुने आकडे निम्मे निरुपयोगी होतात. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आला. त्यातल्या नव्या पेपरसाठी मागचा वापर दाखवताच येणार नाही. तिथे विद्यार्थीसंख्या हाच पुरावा धरा आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा.

एक बजावून ठेवतो. तक्त्यात वाचकांची नावं किंवा हजेरी क्रमांक नकोत. कोणत्या मुलाने काय वाचलं हे समितीच्या कामाचं नाही.

पैसे मागण्याआधी एन-लिस्ट पाहा

हव्या असलेल्या नियतकालिकाची वर्गणी मागण्याआधी ते एन-लिस्टमध्ये आहे का ते तपासा. महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचायला देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना आहे. यूजीसी कायद्याच्या २(फ) (मान्यता) आणि १२(ब) (अनुदानाची पात्रता) कलमांत येणारी अनुदानित महाविद्यालयं त्यासाठी पात्र आहेत. शेती, अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशी महाविद्यालयं मात्र नाहीत. शेतीसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) 'सेरा' ही ई-नियतकालिकांची वेगळी सोय आहे, त्यामुळे दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्यांनी तिकडे पाहावं. एन-लिस्टची नोंदणी ऑनलाइन होते: यूजीसीच्या २(फ)/१२(ब) पत्राची प्रत, शुल्क भरल्याचा तपशील, आणि नंतर महाविद्यालयाच्या लॉगिनमधून शिक्षक-विद्यार्थ्यांची यादी चढवायची. यादी चढवायची राहिली की सभासदत्व असूनही कुणालाच आत जाता येत नाही, आणि वर्षअखेर वापराचा आकडा शून्य दिसतो. असा शून्य मी स्वतः पाहिलाय.

पुस्तकं काढून टाकण्याचा प्रस्ताव

निर्लेखनालाही हीच आकडेवारी लागते, पण जपून. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ च्या अभ्यासात, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ते वाचून कपाटं रिकामी करायचा मोह होतो. पण १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर आमच्याकडे देवघेवीत शून्यच दाखवणार, कारण ते संदर्भ विभागात आहे आणि घरी देतच नाही. स्थानिक इतिहास, मालवणी बोली, खाडी-समुद्रावरचं साहित्य हे सगळं काढून टाकायच्या याद्यांतून आधीच वगळा. बुरशी आणि कसर लागून गेलेली पुस्तकं 'न वापरलेली' या रकान्यात टाकू नका. त्यांची यादी वेगळी, कारण त्यातली काही पुन्हा विकत घ्यावी लागतात.

हरवलेल्या पुस्तकांसाठी आधी आपल्या संस्थेचे आणि विद्यापीठाचे नियम पाहा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत, वर्षभरात दिलेल्या किंवा वाचलेल्या दर हजार खंडांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानलंय, त्यामागे बेइमानी किंवा हलगर्जी नसेल तर. १,००० रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी करावीच लागते.

कधी द्यायचा आणि नाकारला तर?

समितीची पहिली बैठक गणपतीच्या आधी होत असेल, तर अर्ज जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ग्रंथपालाकडे पोचू द्या. आकडे काढायला आठवडाभर लागतो. नाकारला गेला तर इतिवृत्तातली कारणाची ओळ मागून घ्या. 'निधी नाही' असं असेल तर तोच अर्ज पुढच्या सत्रात, ताजी रांग जोडून. 'वापर कमी' असं असेल तर मधल्या काळात वाचन कक्षातली नोंद सुरू करायला सांगा आणि सहा महिन्यांनी परत या.