एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी: उपचाराचा परिणाम मोजण्याची पार्श्वभूमी

एका रुग्णाचा रक्तदाब चार भेटींत मोजला म्हणजे चार रुग्णांइतकी माहिती मिळाली असे होत नाही. दर दोन नोंदींमधला सहसंबंध ०.६ असेल, तर चार नोंदींच्या सरासरीला जेमतेम १.४ स्वतंत्र नोंदींचे वजन असते. सगळ्या ओळी स्वतंत्र मानून साध्या रिग्रेशनमध्ये (चलांमधले नाते मोजण्याच्या रीतीत) घातल्या, की दोन गटांतल्या सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, सुमारे ४० टक्के कमी निघते आणि नसलेला परिणामही दिसू लागतो.

संख्याशास्त्रज्ञ जॉन विशार्ट यांनी १९३८ मध्ये डुकरांच्या आहाराच्या प्रयोगात यावर सोपी वाट काढली. प्रत्येक जनावराच्या वजनावर वेगळी वक्ररेषा बसवायची आणि तिचे गुणांकच तुलनेला घ्यायचे. नोंदी पूर्ण असतील तर ही रीत आजही चांगली चालते. त्यानंतर बराच काळ व्हेरियन्स (नोंदींचा विखुरलेपणा) वापरून सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या व्हेरियन्स विश्लेषणाचा वापर झाला. त्यात दर दोन भेटींमधल्या फरकाचे व्हेरियन्स सारखे असावे लागते. दूरच्या भेटींचा सहसंबंध सहसा कमी असतो, म्हणून ही अट मोडते. ग्रीनहाउस आणि गाइसर यांची १९५९ ची दुरुस्ती त्यासाठीच होती.

खरी अडचण गैरहजेरीची. एक भेट चुकली की त्या विश्लेषणातून अख्खा रुग्ण गळायचा. म्हणून शेवटची नोंदच पुढे ओढण्याची पद्धत रूढ झाली आणि तिने फार नुकसान केले. अल्झायमरसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात दुष्परिणामांमुळे लवकर औषध सोडलेल्या रुग्णाची सुरुवातीची बरी नोंद शेवटपर्यंत धरली जाते. औषध सोसत नाही, तेच औषधाच्या पथ्यावर पडते.

लेअर्ड आणि वेअर यांनी १९८२ मध्ये मिक्स्ड मॉडेल (सर्वांचा सामाईक कल आणि प्रत्येक रुग्णाचे वेगळेपण एकत्र धरणारे मॉडेल) वैद्यकीय संशोधनात रुजवले. त्याची मुळे चार्ल्स हेंडरसन यांच्या गुरांच्या पैदाशीवरच्या कामात आहेत. आता अपुऱ्या नोंदींचा रुग्णही विश्लेषणात राहतो. मात्र गळती हाती असलेल्या नोंदींवरून समजण्यासारखी हवी. लियांग आणि झेगर यांच्या १९८६ च्या पद्धतीत सहसंबंधाचा अंदाज चुकला तरी प्रमाण त्रुटी सावरते, पण रुग्ण मोजकेच असतील तर ती कमी निघते.

आज औषधचाचण्यांत भेट हा गट-चल धरून (म्हणजे प्रत्येक भेट वेगळा गट मानून) मॉडेलमध्ये उपचार, भेट, त्यांचा गुणाकार (उपचाराचा परिणाम भेटीगणिक किती बदलतो ते सांगणारे पद) आणि सुरुवातीचे मूल्य घेतात. भेटींच्या व्हेरियन्सला आणि सहसंबंधाला कोणताही साचा न लावल्यास चार भेटींना १० अंदाज लागतात, दहा भेटींना ५५. लहान अभ्यासात मॉडेल तिथेच अडकते. आणखी एक चूक नेहमीची: गुणाकार असताना ‘उपचार’ या ओळीतला गुणांक फक्त संदर्भ-भेटीचा (ज्या भेटीशी बाकीच्यांची तुलना होते तिचा) फरक सांगतो. शेवटच्या भेटीचा फरक हवा असेल तर त्यात त्या भेटीचा गुणाकार-गुणांक मिळवावा, आणि प्रमाण त्रुटी काढताना दोन्ही गुणांकांचे सहव्हेरियन्सही (ते एकत्र किती बदलतात तेही) धरावे.