रक्तातील अनुस्फुरणावरून कर्करोगाची तपासणी

रक्ताच्या नमुन्यावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकला असता त्यातील काही रेणू तो शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या अनुस्फुरणाचा, अर्थात फ्लुओरेसन्सचा, वर्णपट पाहून कर्करोगाची चाहूल घेण्याची ही पद्धत अद्याप संशोधनाच्या पातळीवर असून तिच्यावरून निदान केले जात नाही. अर्बुदे, म्हणजे शरीरातील गाठी, अतिनील प्रकाशात तांबडी चमकतात, ही नोंद फ्रान्समधील पोलिकार यांनी १९२४ मध्ये केली होती.

बाहेरून रंगद्रव्य मिसळावे लागत नाही, ही या तपासणीची मोठी सोय आहे. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित होऊन ३४०च्या आसपास, तर हिमोग्लोबिन घडताना तयार होणारे प्रोटोपॉर्फिरिन (पॉर्फिरिन गटातील एक द्रव्य) ४०५ने उद्दीपित होऊन ६३०च्या आसपास उजळते. कर्कपेशींचा चयापचय बदललेला असल्याने या पट्ट्यांची तीव्रता बदलू शकते. मात्र अखंड रक्त चालत नाही, कारण हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरजवळचा प्रकाश गिळून टाकते. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नमुना वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, पिवळसर रक्तद्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशींतील पॉर्फिरिन ॲसिटोनने काढून घेतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगावला येईपर्यंत नमुना तापला आणि पेशी फुटल्या, तर रक्तद्रव गुलाबी होतो व मापन बिघडते.

खरी अडचण तुलनेची आहे. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग, तयार होताना शेवटच्या टप्प्यात प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसते. लोह कमी पडले की त्याच्या जागी जस्त बसते आणि झिंक प्रोटोपॉर्फिरिन ५९४ नॅनोमीटरजवळ चमकू लागते. लोहाच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय स्त्रियांमध्ये सर्रास आढळतो. त्यामुळे बेळगावातील धडधाकट विद्यार्थ्यांचे रक्त प्रमाण मानून निपाणीच्या बिडी कामगार स्त्रीचे रक्त जोखले, तर दिसलेला फरक कर्करोगाचा की लोहाच्या कमतरतेचा हे कळणार नाही. तुलनेचा गट त्याच वस्तीतला, त्याच वयाचा, हिमोग्लोबिन मोजलेला असावा. ही अट पाळली नाही तर संगणकाने काढलेल्या अचूकतेच्या टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही.

निपाणी-चिकोडीच्या तंबाखूपट्ट्यात तंबाखू चघळणाऱ्यांच्या, मशेरी लावणाऱ्यांच्या बाबतीत मुखकर्करोगाची भीती अधिक असते. तोंडातील न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम किंवा तोंड पुरेसे न उघडणे ही लक्षणे उजेडात नुसत्या डोळ्यांनीही दिसतात आणि अशा वेळी रक्ताच्या वर्णपटाची वाट न पाहता डॉक्टरांना तोंड दाखवणे व त्यांनी सांगितल्यास तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी करून घेणे, आवश्यक ठरते.